फिटंफाट : एका पराभवाचं वाचन



आजचा विषय जाहीर झाल्यापासून दोन-तीन जणांनी मला अडवून विचारलं की, 'गव्हर्नरची निवडणूक' ही काय भानगड आहे? राज्यपालाला कधी कुणी निवडून देतं का? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे राज्यपाल नेमला जातो. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे साधारण आपल्या मुख्यमंत्र्याच्या जागी समजा. फरक एवढाच की त्याला आमदार निवडत नाहीत, राज्यातले मतदार थेट निवडतात. त्यामुळे तो हरला की सबबी सांगायला जागा कमी उरते. आघाडी फुटली, आमदार पळवले, असं काही म्हणता येत नाही. लोकांना तू नको होतास, संपलं.

मी राजकारणाचा अभ्यासक नाही, पुस्तकं वाचणारा माणूस आहे. तेव्हा निवडणुकीचं विश्लेषण माझ्याकडून अपेक्षू नका. मला बोलायचंय ते पराभवाच्या गोष्टीबद्दल. माणूस हरतो आणि मग त्या हरण्याची एक गोष्ट तयार होते. ती कोण सांगतं, तिच्यात काय येतं आणि काय गळतं, हे बघायचं आहे. त्यासाठी मी एक पराभव निवडलाय. राज्य आर्कान्सा, साल १९८०, हरलेला गव्हर्नर बिल क्लिंटन. वाचायला दोन पुस्तकं घेतलीत. एक क्लिंटनचं स्वतःचं आत्मचरित्र 'माय लाइफ', २००४ सालचं. दुसरं डेव्हिड मॅरॅनिस या पत्रकारानं लिहिलेलं त्याचं चरित्र, 'फर्स्ट इन हिज क्लास', १९९५ सालचं. क्लिंटनचा मी एकेरी उल्लेख करतोय, कारण या गोष्टीतला क्लिंटन तिशीतला पोरगा आहे. पुढचा राष्ट्राध्यक्ष डोक्यातून थोडा वेळ काढून टाका.

आत्मचरित्रातल्या एका प्रसंगापासून सुरुवात करतो. हरल्यानंतर क्लिंटन राज्यात हिंडत असतो. एका ठिकाणी एक माणूस त्याला ओळखतो आणि सरळ सांगतो की, मी तुझ्याविरुद्ध मत दिलं, माझ्या गोतावळ्यातली धरून तुझी अकरा मतं मी घालवली. का, तर तू माझ्या गाडीचं शुल्क वाढवलंस. क्लिंटन त्याला विचारतो, पुन्हा कधी मला मत द्याल का? तो माणूस हसतो आणि म्हणतो, देईन की, आता आपली फिटंफाट झाली.

फिटंफाट हा शब्द अर्थातच माझा. पण त्या माणसाचा भाव नेमका तोच आहे. तू मला एक चापट मारलीस, मी तुला एक मारली, हिशेब मिटला. फार गोड प्रसंग आहे. वाचताना आपण हसतो, त्या माणसावर खूश होतो, लोकशाहीवरही खूश होतो. मीही झालो होतो. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एक शंका आली. हिशेब मिटला, पण कुणाकुणात? वहीत नावं किती होती?

आता घटना थोडक्यात सांगतो. १९७८ च्या नोव्हेंबरात क्लिंटन वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गव्हर्नर झाला, त्रेसष्ट टक्के मतं घेऊन. तेव्हा देशातला सगळ्यांत तरुण गव्हर्नर. आर्कान्सात त्या काळी गव्हर्नरची मुदत दोनच वर्षांची. म्हणजे शपथ घेऊन खुर्चीत नीट बसेपर्यंत पुढची निवडणूक दारात. पण रीत अशी की बहुतेकांना दुसरी संधी मिळायची. १९५४ नंतर पहिल्याच मुदतीअखेर मतदारांनी कुणाला घरी पाठवलं नव्हतं. शिवाय राज्य डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला. विसाव्या शतकात तोवर तिथे रिपब्लिकन गव्हर्नर एकच झाला होता, विन्थ्रॉप रॉकफेलर.

क्लिंटनला हरवलं फ्रँक व्हाइट नावाच्या माणसानं. बचत-कर्ज संस्था चालवणारा, आणि त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन झालेला. पक्षांतर हा काही फक्त आपला शोध नाही. ४ नोव्हेंबर १९८० ला व्हाइटला सुमारे ४ लाख ३५ हजार मतं पडली, क्लिंटनला सुमारे ४ लाख ३ हजार.

याची रूढ गोष्ट दोन शब्दांत सांगतात : क्यूबन्स आणि कार टॅग्ज. इंग्रजीत दोन्ही शब्द 'क'नं सुरू होतात, जिभेवर छान बसतात. घोषणेला लागतो तसा अनुप्रास आपोआप मिळाला.

कार टॅग म्हणजे गाडीच्या नंबरप्लेटचं वार्षिक शुल्क. राज्यातले रस्ते खराब होते, दुरुस्तीला पैसा हवा होता, म्हणून क्लिंटननं ते वाढवलं. मूळ विचार असा होता की शुल्क गाडीच्या किमतीवर लावावं. विधिमंडळात घासाघीस झाली, मालवाहतूकवाले आणि कोंबडीच्या धंद्यातले बडे लोक आपापला भार कमी करायच्या खटपटीत होते, आणि शेवटी शुल्क ठरलं गाडीच्या वजनावर. याचा अर्थ काय झाला बघा. नवी, हलकी, महागडी गाडी असणारा सुटला. ज्याच्याकडे वीस वर्षांपूर्वीचं अवजड धूड आहे, कारण नवी घ्यायची ऐपत नाही, तो सापडला. तो खेड्यातून महसूल कचेरीत यायचा, रांगेत उभा राहायचा, आणि खिडकीपाशी पोचल्यावर त्याला कळायचं की रक्कम वाढलीय. असं वर्षभर, दर महिन्याला, वेगवेगळी माणसं. निवडणुकीचा प्रचार म्हणून याहून परिणामकारक काही कल्पून दाखवा. विरोधकांना खर्चच नाही.

क्यूबन्सची गोष्ट अशी. १९८० च्या एप्रिलपासून क्यूबातल्या मारिएल बंदरातून लोक बोटींनी फ्लोरिडाकडे निघाले. ऑक्टोबरपर्यंत सुमारे सव्वा लाख आले. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरच्या सरकारनं त्यांतल्या हजारोंना आर्कान्सात फोर्ट चॅफी या लष्करी तळावर ठेवलं. याच तळावर पाच वर्षांपूर्वी व्हिएतनामी निर्वासित राहून गेले होते. १ जून १९८० ला, आत अडकून पडलेल्या, कंटाळलेल्या क्यूबनांपैकी हजारेक जण फाटकाबाहेर पडून हमरस्त्यानं चालू लागले. लष्करानं त्यांना अडवलं नाही. राज्याच्या पोलिसांनी अडवलं. हाणामारी झाली, जाळपोळ झाली, माणसं जखमी झाली. आसपासच्या गावांत लोक बंदुका घेऊन घराबाहेर बसले. ऑगस्टमध्ये कार्टर सरकारनं ठरवलं की इतर राज्यांतल्या छावण्यांत उरलेले क्यूबनही फोर्ट चॅफीलाच आणायचे. मग व्हाइटच्या जाहिराती आल्या, त्यांत दंगलीची चित्रं. बघा, तुमच्या गव्हर्नरला वॉशिंग्टनपुढे उभं राहता येत नाही!

आता समीक्षेकडे वळू. पराभवानंतरचं पहिलं वाक्य नेहमी असं असतं की, लाट होती. १९८० साली लाट होतीच, रोनाल्ड रेगन यांची. पण जरा आकडे बघा. त्याच दिवशी, त्याच राज्यात कार्टर हरले ते अवघ्या पाचेक हजार मतांनी. क्लिंटन हरला बत्तीस हजारांनी. आणि त्याच मतपत्रिकेवर डेमोक्रॅटिक पक्षाचेच सेनेटर डेल बंपर्स होते, ते आरामात निवडून आले. आणखी एक गंमत : आर्कान्सात रेगन यांना ४ लाख ३ हजारांच्या आसपास मतं मिळाली, आणि क्लिंटनलाही जवळजवळ तेवढीच. एक जण जिंकला, दुसरा हरला. लाट असेल तर ती माणसं पारखून भिजवत होती.

आपल्या वर्तमानपत्रांत एक लाडका शब्द आहे, 'अँटी-इन्कम्बन्सी'. निकालाच्या रात्री प्रत्येक वाहिनीवर तो येतो. मला या शब्दाचा राग आहे. ताप आला म्हणून अंग गरम झालं, असं सांगण्यासारखं ते आहे. लोक सत्तेवरच्या माणसावर नाराज होते म्हणून तो हरला, हे कळायला तज्ज्ञ कशाला हवा? नाराजी कशाची, आणि त्याच मतपत्रिकेवरच्या दुसऱ्या सत्ताधाऱ्यावर ती का नव्हती, हा प्रश्न आहे. खरं तर मे महिन्यातच खूण दिसली होती. पक्षांतर्गत निवडणुकीत क्लिंटनसमोर टर्की पाळणारा एक म्हातारा शेतकरी उभा होता, मन्रो श्वार्झलोज. त्याला एकतीस टक्के मतं पडली. जिंकून येईल असं त्याला स्वतःलाही वाटत नसावं. हे त्याच्यासाठीचं मतदान नव्हतंच. ते पत्र होतं आणि पत्ता गव्हर्नरचा होता. तो पाहिजे तेवढ्या गांभीर्यानं वाचला गेला नाही.

आता दोन पुस्तकं शेजारीशेजारी ठेवू. 'माय लाइफ'मधला क्लिंटन कारणं प्रामाणिकपणे मोजतो. फार गोष्टी एकदम हाती घेतल्या, सगळ्यांना एकाच वेळी दुखवलं, कार्टर सरकारनं शब्द पाळला नाही, बायकोनं माहेरचं आडनाव ठेवलं हेही लोकांना खटकलं. एवढ्या तपशिलानं स्वतःचा पराभव सांगणारे राजकारणी कमी. पण या कथनाचा घाट ओळखीचा आहे. उत्साही तरुण, त्याची घाई, ठेच, शहाणपण, पुनरागमन. पुढे काय होणार हे वाचकाला माहीत असतं, त्यामुळे पराभवाला काटाच उरत नाही. तो शाळेतल्या कठीण वर्षासारखा वाटतो.

मॅरॅनिस यांचं पुस्तक हा काटा शाबूत ठेवतं. हरलेला क्लिंटन दुकानात, रस्त्यात भेटेल त्याला आपलं काय चुकलं म्हणून विचारत सुटतो, हे त्यांच्याकडे करुण आणि थोडं अस्वस्थ करणारं वाटतं. आणि महत्त्वाचं म्हणजे, पराभवातून क्लिंटननं कोणतं तंत्र उचललं ते मॅरॅनिस दाखवतात. निवडणूक संपतच नाही असं धरून राज्य करायचं. सतत मतचाचण्या घ्यायच्या, वर्तमानपत्रांना ओलांडून जाहिरातीतून थेट लोकांशी बोलायचं. शहाणपण आणि तंत्र यांत फरक असतो. 'माय लाइफ'मध्ये ते मिसळून जातात, मॅरॅनिस ते वेगळे करून दाखवतात. म्हणून या एका प्रकरणापुरतं मला मॅरॅनिस यांचं पुस्तक सरस वाटतं, जरी भाषा क्लिंटनची जास्त रसाळ आहे.

या दोहोंच्या मधोमध एक तिसरी संहिता आहे. पुस्तक नव्हे, अर्ध्या-एक मिनिटाची जाहिरात. १९८२ च्या फेब्रुवारीत, पुन्हा उभं राहत असल्याचं जाहीर करण्याआधी, क्लिंटन टीव्हीवर आला आणि त्यानं चुका कबूल केल्या. कार टॅगची, आणि कैद्यांच्या शिक्षा कमी केल्याचीही. जाहिरात केली होती टोनी श्वार्ट्झ यांनी. १९६४ ची ती फुलाच्या पाकळ्या मोजणाऱ्या मुलीची आणि अणुस्फोटाची प्रसिद्ध जाहिरात करणारे हेच. सल्लागार डिक मॉरिस यांना माफी हवी होती. क्लिंटनला सरळ 'माफ करा' म्हणणं जड जात होतं. त्यानं वाक्य काढलं ते असं, की लहानपणी माझ्या वडिलांना एकाच चुकीसाठी मला दोनदा झोडावं लागलं नाही.

लेखक म्हणून मला या वाक्याचं कौतुक आहे. माफी हा शब्द न उच्चारता माफी झाली. मतदाराला बापाची जागा मिळाली, गव्हर्नर पोर झाला, आणि मार खाऊन झालेला आहे हेही सांगून झालं. आर्कान्साच्या खेड्यातल्या प्रत्येक घराला कळेल अशी भाषा. पण जरा थांबा. हे वडील कोण? क्लिंटनचे जन्मदाते वडील तो जन्मण्याआधीच, १९४६ साली, मोटार अपघातात गेले. सावत्र वडील दारू प्यायचे, घरात हिंसा करायचे, आणि त्याची हकीकत क्लिंटननं 'माय लाइफ'मध्ये मनापासून लिहिलीय. ती त्या पुस्तकातली सगळ्यांत खरी पानं आहेत. म्हणजे चुकीचं माप घेऊन एकदाच मारणारा, न्यायी, समजूतदार बाप त्याच्या आयुष्यात नव्हता. तो जाहिरातीसाठी घडवला. मी याला खोटं म्हणत नाही. ती बोलीतली पद्धत आहे, आपणही म्हणतोच, 'बापानं असं शिकवलं नाही.' पण ज्याला घरातला मार म्हणजे काय हे ठाऊक होतं, त्यानं माराचं एवढं प्रेमळ चित्र काढावं, यावर माझं मन अडतं. हरलेल्या माणसाला परत यायला काय काय गिळावं लागतं, ते त्या वाक्यात आहे.

नोव्हेंबर १९८२ मध्ये तो जिंकला. त्याच सुमारास हिलरी रॉडमच्या हिलरी क्लिंटन झाल्या. त्या आडनावाचा हिशेबही फेडला गेला, आणि तो फेडला कुणी ते लक्षात घ्या.

मग फिटंफाट झाली का? तीन नोंदी तपासू.

पहिली, अवजड गाडीवाला. १९८३ मध्ये क्लिंटननं शाळासुधारणेचा मोठा कार्यक्रम घेतला. त्यासाठी विक्रीकर एक टक्क्यानं वाढवला. कार्यक्रम चांगला होता, गरजेचा होता. पण आर्कान्सात तेव्हा किराण्यावरही विक्रीकर होता. म्हणजे भार पुन्हा त्याच माणसावर. न्याय करायचा तर हेही सांगायला हवं की त्या राज्याच्या घटनेत बहुतेक जुने कर वाढवायला विधिमंडळात तीन-चतुर्थांश मतं लागतात आणि विक्रीकराला साधं बहुमत पुरतं. वाट अरुंद होती. तरी फरक बघा. १९७९ चा कर लोकांना खिडकीपाशी कळला होता. १९८३ चा कर आधी समजावून सांगितला, मुलांच्या शाळांशी जोडला, तालुक्या-तालुक्यात सभा घेऊन पटवला. लोकांनी तो स्वीकारला. धडा काय घेतला? सांगून कर लावायचा. कुणावर लावायचा हा प्रश्न होता तिथेच राहिला.

दुसरी नोंद, क्यूबन. दोन्ही पुस्तकं वाचून खाली ठेवल्यावर मला फोर्ट चॅफीतला एकही क्यूबन माणूस म्हणून आठवत नाही. जमाव आठवतो, फाटक आठवतं, रस्ता आठवतो. त्यांतल्या बहुतेकांचा गुन्ह्याशी संबंध नव्हता. घर सोडून समुद्र ओलांडून आलेली माणसं, परक्या मुलखात तारेच्या कुंपणाआड, कधी सोडतील ते माहीत नाही. त्यांना मत नव्हतं, म्हणून हिशेबात खातं नव्हतं. त्यांच्या नावावर एक गव्हर्नर पडला, दुसरा आला, आणि गोष्टीत ते कारण म्हणून उरले. ही त्रुटी फक्त या पुस्तकांची नाही. निवडणुकीची गोष्ट सांगताना मतदार नसलेला माणूस नेहमीच देखाव्यात जातो. आपल्या निवडणुकांच्या गोष्टींतही ऊसतोडीला गेलेला कुठे दिसतो?

तिसरी नोंद सगळ्यांत जड आहे. पहिल्या मुदतीत क्लिंटननं अनेक कैद्यांच्या शिक्षा कमी केल्या होत्या, त्यांत खुनाचे गुन्हेगारही होते. परत आल्यावर तो अधिकार त्यानं अगदी मोजक्या वेळा वापरला. २४ जानेवारी १९९२ ला, राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचाराच्या ऐन धामधुमीत, तो आर्कान्सात परतला, कारण त्या दिवशी रिकी रे रेक्टर या कैद्याला मृत्युदंड व्हायचा होता. रेक्टरनं पोलिसाचा खून केला होता आणि नंतर स्वतःच्या डोक्यात गोळी झाडून घेतली होती. तो वाचला, पण मेंदूचा मोठा भाग गेला. शेवटच्या जेवणातला गोड पदार्थ त्यानं नंतर खायला म्हणून बाजूला ठेवला, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. क्लिंटननं शिक्षा थांबवली नाही.

१९८० चा पराभव आणि ती रात्र यांच्यात सरळ रेघ ओढता येते, असं मी म्हणणार नाही. माणसाच्या निर्णयामागे दहा गोष्टी असतात. पण माफीच्या जाहिरातीत ज्या दोन चुका कबूल झाल्या होत्या, त्यांतली एक होती दया. एकाच चुकीसाठी दोनदा मार खाणार नाही, असं वचन दिलं होतं. ते पाळलं गेलं.

आपल्याकडे निकालाच्या दुसऱ्या दिवशी मथळा येतो, 'मतदारांनी धडा शिकवला.' मला या वाक्याचं व्याकरण अर्धवट वाटतं. मतदार फक्त छडी मारतो. धडा कोणता, ते मतपत्रिकेवर लिहिलेलं नसतं. तो धडा हरलेला माणूस स्वतःच निवडतो, आणि बहुतेक वेळा परवडेल तो निवडतो. लोकांचं ऐकावं हा एक धडा. दुबळ्यासाठी धोका पत्करू नये हा दुसरा. दोन्ही एकाच पराभवातून निघतात, आणि बाहेरून दोन्हींना 'नम्रता' असंच नाव पडतं.

गाडीवाल्याचा तो प्रसंग मला अजूनही आवडतो. त्याच्यावर अन्याय झाला होता, त्यानं अकरा मतांनी तो फेडला आणि मनात काही ठेवलं नाही. लोकशाहीला अशीच माणसं चालवतात. माझी तक्रार त्याच्याशी नाही. तक्रार एवढीच आहे की, पराभवाच्या गोष्टी वाचताना आपण त्याच्या हसण्यापाशी थांबतो. एक पान पुढे जाऊन विचारत नाही की, ज्यांना अकरा सोडा, एकही मत नव्हतं, त्यांच्याशी फिटंफाट कुणी केली?

इथे थांबतो.